उजेडाची वेळ, कामाची वेळ: प्रवासात निसर्ग आणि माणूस एकाच फोटोत आणण्याची रीत

१८३८ साली फोटोग्राफीच्या आरंभकाळातले लुई दागेर यांनी पॅरिसमधल्या एका उंच खिडकीतून बुलवार द्यु ताँप्ल या रस्त्याचा फोटो घेतला. रस्त्यावर गाड्याघोडे होते, माणसांची ये-जा होती. पण त्या काळच्या प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटं लागत. त्यामुळे हलणारं-चालणारं सगळं पुसलं गेलं आणि रस्ता ओसाड दिसू लागला. उरला फक्त कोपऱ्यावर पाय पुढे करून बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस, आणि त्याच्यापाशी पॉलिश करणाऱ्याची अंधुक आकृती. माणूस दिसणारा हा सर्वांत जुना ज्ञात फोटो मानला जातो. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. तो माणूस चित्रात टिकला तो कामामुळे. काम चाललं होतं, म्हणून तो एका जागी थांबला होता.

प्रवासात काढलेले फोटो बहुतेक वेळा दोन ढिगांत पडतात. एका ढिगात डोंगर, समुद्र, वाळवंट. तिथे माणूस मध्ये आला तर आपण तो बाजूला होईपर्यंत थांबतो. दुसऱ्या ढिगात चेहरे, आणि त्यांच्या मागची जमीन धूसर केलेली. पण आपण जी दृश्यं बघायला इतक्या लांब जातो, त्यांतली कितीतरी माणसांच्या हातांनी घडलेली असतात: पायऱ्यांची शेतं, मिठागरं, कुरणं, बंदरं. ती जमीन आणि तिच्यावर राबणारा माणूस एकाच चौकटीत कसे आणायचे, एवढंच इथे सांगणार आहे. उजेडाची एक वेळ असते, कामाची एक वेळ असते. या दोन वेळा जिथे जुळतात तिथे आपण आधीच जाऊन उभं राहायचं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी ठिकाणं कमी करा

दहा दिवसांत आठ ठिकाणं उरकणाऱ्या माणसाला प्रत्येक ठिकाणी एक संध्याकाळ मिळते. त्या संध्याकाळी आभाळ भरून आलं की संपलं. दहा दिवसांत दोन, फार तर तीन ठिकाणं घ्या. एका जागी तीन पहाटा आणि तीन संध्याकाळी मिळाल्या तर त्यांतली एक तरी साथ देते, असा माझा अनुभव आहे.

ठिकाण निवडताना ‘इथे काय दिसतं’ याच्या जोडीला ‘इथे कोण, कोणत्या महिन्यात, कोणतं काम करतं’ हा प्रश्न विचारा. बोलिव्हियातलं सालार दे उयुनी हे मिठाचं पठार घ्या. समुद्रसपाटीपासून साधारण ३,६५० मीटर उंच, पसारा सुमारे १०,००० चौरस किलोमीटर. डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान पाऊस पडला की मिठावर पाण्याचा पातळ थर साचतो आणि अख्खं आभाळ जमिनीत उतरतं. बहुतेक लोक या आरशासाठी जातात. पण मीठ खरवडून त्याचे लहान लहान ढीग वाळत घालणारी माणसं बघायची असतील, तर कोरड्या महिन्यांत कोल्चानी गावाजवळ जायला हवं. ठिकाण एकच, पण महिना बदलला की फोटोचा विषयच बदलतो.

चीनच्या युनान प्रांतातल्या होंगहे हानी भातशेतांचंही तसंच आहे. २०१३ साली त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात खाचरं पाण्याने भरलेली असतात, उगवतीला त्यांत आभाळाचे तुकडे चमकतात. मात्र शेतात माणूस क्वचितच दिसतो. वसंतात लावणी सुरू झाली की तो आरसा रोपांनी झाकत जातो, पण बांधाबांधावर माणसं दिसतात. माझं मत विचाराल तर लावणीच्या सुरुवातीच्या दिवसांत जा. काही खाचरं लावून झालेली, काही अजून नुसत्या पाण्याची, आणि मधल्या बांधावरून डोक्यावर रोपं घेऊन जाणारं कुणीतरी. त्या एका फोटोत वर्षाचं वळण दिसतं.

दोन वेळापत्रकं शेजारी शेजारी मांडा

एका कागदाचे दोन भाग करा. डावीकडे उजेड, उजवीकडे काम.

डाव्या बाजूला सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा लिहून भागत नाही. सूर्य क्षितिजापासून साधारण सहा अंशांच्या आत असताना उजेड तिरपा आणि उबदार असतो. हा काळ किती टिकतो ते तुम्ही पृथ्वीवर कुठे आहात यावर ठरतं. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो. विषुववृत्तावर, दिवस-रात्र समान असण्याच्या सुमारास, तो जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणजे शेवटचे सहा अंश २४ मिनिटांत संपतात. ६० अंश अक्षांशावर तो तिरका उतरतो आणि त्याच सहा अंशांना ४८ मिनिटं लागतात. नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. मध्यरात्रीच्या आगेमागे कित्येक तास सोनेरी ऊन पडून असतं. म्हणून उष्ण कटिबंधात जागा आधी हेरून, ट्रायपॉड लावून तयार राहावं लागतं. उत्तरेकडे मात्र चार जागा फिरून बघायला सवड मिळते.

सूर्य किती वाजता उगवतो यापेक्षा कुठून उगवतो हे जास्त कामाचं. फोटोपिल्ससारख्या अॅपमध्ये नकाशावर कोणत्याही तारखेची दिशा दिसते. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीमध्ये हॉर्सटेल फॉल नावाचा बारीकसा हंगामी धबधबा आहे. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात मोजके काही दिवस मावळतीचं ऊन त्याच्यावर अशा कोनातून पडतं की पाण्याची धार पेटल्यासारखी दिसते. धबधब्यात पाणी असलं आणि आभाळ मोकळं असलं तरच हे घडतं. इतर वेळी तिथे पर्यटकांना विशेष काही दिसत नाही.

समुद्रकाठी तिसरं एक वेळापत्रक मध्ये येतं, भरती-ओहोटीचं. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे जाते. शिंपले वेचणारे, जाळी लावणारे, होड्या ओढणारे लोक या घड्याळावर चालतात. कॅनडातल्या बे ऑफ फंडीत पाण्याच्या पातळीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो. सकाळी तरंगणारी होडी दुपारी चिखलात टेकलेली दिसते. आज ओहोटी भर दुपारी असेल तर आठवडाभराने ती संध्याकाळकडे सरकलेली असेल, आणि पंधरवड्याने पुन्हा जवळपास आजच्याच वेळेला येईल. ओहोटी आणि कललेली उन्हं एकत्र येतील असा दिवस भरतीच्या कोष्टकातून आधीच काढता येतो. तिकीट काढायच्या आधी हे कोष्टक उघडा.

उजवी बाजू अॅपमध्ये सापडत नाही. ती माणसांना विचारूनच भरावी लागते. जनावरं कधी सोडतात? होड्या कधी परततात? बाजार कधी भरतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे माल कधी उतरवतात? सुदैवाने जगभर जुनी कामं ऊन टाळून चालतात. गुराखी झुंजुमुंजू होताना निघतो आणि तिन्हीसांजेला परततो. त्याच्या आणि आपल्या वेळा आपसूक जुळतात.

जिथे जुळत नाहीत तिथे हट्ट धरू नका. मिठागरातलं काम भर उन्हात चालत असेल तर भर उन्हातच जा. तेव्हा सावल्या काळ्याभोर, आखूड आणि धारदार पडतात. थोड्या उंचीवरून खाली बघितलं तर पांढऱ्या जमिनीवर माणूस आणि त्याची सावली अशा दोन आकृत्या मिळतात. कृष्णधवल फोटोला हा उजेड फार मानवतो.

सामान

यावर मी फार वेळ घालवणार नाही. एक कॅमेरा, २४ ते ७० मिमीची एक लेन्स (आकडा लहान तितकं दृश्य रुंद) आणि ७० ते २०० मिमीची दुसरी (लांबचं जवळ आणणारी), एवढ्यात जवळजवळ सगळं होतं. फक्त फोन असेल तरीही पुढच्यातलं बरंचसं लागू पडतं. ट्रायपॉड असा घ्या की जो तुम्ही खरोखर डोंगरावर चढवाल. फिल्टर दोनच: पोलरायझर (चकाकी कमी करून आभाळ गडद करणारा) आणि दहा स्टॉपचा एनडी (उजेड अडवणारी गडद काच; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). पोलरायझरचा परिणाम सूर्यापासून काटकोनात असलेल्या आभाळावर सर्वांत जास्त होतो. खूप वाइड लेन्सवर तो लावला तर आभाळात मध्येच एक गडद पट्टा उमटतो, म्हणून तिथे तो काढून ठेवा.

लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या विमानात हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा अडचण येत नाही, १०० ते १६० च्या दरम्यान असल्या तर विमान कंपनीची परवानगी लागते. कडाक्याच्या थंडीत बॅटरी लवकर बसते. जादाच्या बॅटऱ्या अंगाजवळच्या खिशात ठेवा. थंडीतून ऊबदार खोलीत येताना कॅमेरा बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि तासाभराने उघडा. मग दव पिशवीवर धरतं, लेन्सच्या आत धरत नाही.

पहिला दिवस कॅमेरा पिशवीत

हे सर्वांत जड जातं, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फळही यालाच येतं. पहिल्या दिवशी नुसतं चाला. वाट कुठून चढते, पाणी कुठे साचतं, सावली कोणत्या बाजूने सरकते ते बघा. काम करणारी माणसं कुठल्या जागी वळतात, कुठे थांबून घाम पुसतात, ओझं कुठे टेकवतात ते लक्षात घ्या. कामात एक लय असते आणि ती पुन्हा पुन्हा येते. फावडं उचललं, भरलं, फेकलं. दहा वेळा बघितलं की अकराव्या वेळी ते कुठे असेल हे तुम्हाला कळतं. नुसत्या चपळाईवर विसंबून हे जमत नाही.

याच दिवशी लोकही तुम्हाला बघून घेतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही ‘काल आलेला तो माणूस’ असता, आणि तेवढ्याने खूप फरक पडतो.

उभं कुठे राहायचं

डोंगराला स्वतःचं माप नसतं. दोनशे मीटरची टेकडी आणि दोन हजार मीटरचा कडा फोटोत सारखेच दिसू शकतात. त्यात माणूस आला की डोळा लगेच माप घेतो. पण त्यासाठी तो माणूस आहे हे एका नजरेत कळायला हवं.

म्हणून आकृती मोकळी ठेवा. डोक्यावरून क्षितिजाची रेघ जात असेल तर थोडं खाली वाका किंवा वर चढा, म्हणजे डोकं पूर्ण आभाळात किंवा पूर्ण जमिनीवर येईल. गडद कपड्यातला माणूस गडद झाडीसमोर हरवतो. दोन पावलं सरकून त्याला पाण्याच्या किंवा वाळूच्या उजळ तुकड्यासमोर आणा. सरकायचं तुम्ही, त्याला सांगायचं नाही. दोन पायांत फट दिसेल तेव्हाच शटर दाबा, नाहीतर चालता माणूस खांबासारखा दिसतो. समोरून किंवा पाठीमागून घेण्यापेक्षा बाजूने घेतलेली आकृती लांबूनही ओळखू येते. आणि हातातलं अवजार शरीरापासून सुटं दिसू द्या. उगारलेलं कुदळ, हवेत पसरलेलं जाळं, खांद्यावरची काठी यांवरून काम कळतं.

वाइड लेन्सने मागचा डोंगर लहान होतो आणि जवळचं मोठं होतं. २४ मिमीवर माणूस तुमच्यापासून तीन-चार मीटरवर हवा. वीस मीटरवर गेला की त्याचा ठिपका होतो. लांबच्या लेन्सचं गणित उलटं. तुम्ही मागे जाता तसा माणूस लहान होतो, पण मागचा डोंगर तेवढाच राहतो. चंद्राच्या उदाहरणावरून हे नीट कळतं. चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. एखादी वस्तू तिच्या उंचीच्या साधारण ११५ पट अंतरावरून चंद्राएवढी दिसते. १.७ मीटर उंचीचा माणूस आणि चंद्र फोटोत सारख्या आकाराचे हवे असतील तर त्या माणसापासून सुमारे १९५ मीटर लांब उभं राहावं लागेल. तिथून ५०० मिमीच्या लेन्सने चंद्र सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या पृष्ठावर, सुमारे साडेचार मिलिमीटरचा पडतो. २४ मिलिमीटर उंचीच्या पूर्ण फ्रेममध्ये (फुल-फ्रेम सेन्सरवर) तो छान दिसतो. चंद्र मोठा हवा असेल तर मागे सरकायला मोकळी जागा शोधा, लेन्सचा विचार त्यानंतर.

उंचीही बदलून बघा. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून शेताचे बांध एकमेकांवर चढतात. दोन-तीन मीटर वर गेलात की ते सुटे होतात आणि मधल्या वाटा दिसू लागतात. ब्राझिलियन छायाचित्रकार सेबास्तियाव साल्गादो यांनी १९८६ साली ब्राझीलच्या सेरा पेलादा या सोन्याच्या खाणीत काढलेले फोटो आठवून बघा. खड्ड्याच्या भिंतीवर शिड्या, शिड्यांवर मातीने माखलेली माणसं, पाठीवर पोती. काही फोटोंत आभाळ जवळजवळ नाहीच. ते वगळल्यामुळे नजरेला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि खाणीची खोली अंगावर येते. साल्गादो मुळात अर्थशास्त्र शिकलेले. श्रमाकडे बघण्याची सवय त्यांना कॅमेरा हातात यायच्या आधीपासून होती.

एक्स्पोजर

एक्स्पोजर म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते. फोटो रॉ फॉरमॅटमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घ्या. फक्त जमीन आणि ट्रायपॉड असेल तर आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ते) १००, एफ/८ ते एफ/११ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान), शटरचा वेळ लागेल तेवढा. एफ/१६ च्या पलीकडे गेलं तर विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे) बारीक तपशील मऊ होऊ लागतात. जवळचा दगड आणि लांबचा डोंगर दोन्ही स्पष्ट हवेत तर फोकस क्षितिजावर लावू नका. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर २४ मिमी आणि एफ/११ असताना फोकस सुमारे १.८ मीटरवर ठेवला की ०.९ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ३५ मिमीला हेच अंतर ३.७ मीटर होतं, ५० मिमीला ७.६ मीटर. हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा.

माणूस आला की मात्र शटर आधी ठरतो. चालणाऱ्याला १/२५०, धावणाऱ्याला किंवा जाळं फेकणाऱ्याला १/१०००, पक्षी उडताना १/२००० सेकंद. पहाटेच्या मंद उजेडात यासाठी आयएसओ १६०० किंवा ३२०० वर न्यावा लागला तरी न्या. फोटोतले दाणे नंतर कमी करता येतात. हललेलं माणसाचं डोकं कशानेही जागेवर येत नाही.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळं जग मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. त्यामुळे बर्फ आणि मीठ मळकट येतं. तिथे एक ते दोन स्टॉप वाढवा. ज्वालामुखीच्या काळ्या वाळूवर उलट, एक स्टॉप कमी करा. नंतर हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, बघा. उजव्या टोकाला भिंतीसारखा ढीग लागला असेल तर ढगांतला तपशील गेला. तो परत येत नाही, म्हणून तेवढ्यापुरतं अंधाराकडे झुकलेलं बरं.

आणि एक तरी माप पाठ ठेवा. १ नोव्हेंबर १९४१ रोजी अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स न्यू मेक्सिकोमधून गाडीने जात होते. हर्नान्डेझ गावावर चंद्र चढलेला, आणि दफनभूमीतले पांढरे क्रूस मावळतीच्या शेवटच्या उजेडात चमकत होते. त्यांना लाइट मीटर सापडेना. पण चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटाला २५० कँडल असते हे त्यांना पाठ होतं. त्यावरून हिशेब करून त्यांनी एक निगेटिव्ह घेतली. दुसरी घेण्याआधीच क्रुसांवरचं ऊन गेलं. आपल्यासाठी सोपं माप असं: लख्ख उन्हात एफ/१६ ठेवा आणि शटर आयएसओच्या आकड्याइतका, म्हणजे आयएसओ १०० ला सुमारे १/१०० सेकंद. चंद्रावरही ऊनच पडलेलं असतं, तिथे एफ/११ ने सुरुवात करा.

दागेर यांना जे नाइलाजाने करावं लागलं ते आपण हवं तेव्हा करू शकतो. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर उजेड सुमारे हजारपट कमी करतो. १/६० सेकंदाचं एक्स्पोजर १७ सेकंदांचं होतं. गर्दीच्या घाटावर किंवा चौकात चालणारे विरघळून जातात आणि गळ टाकून बसलेला एकटा माणूस उरतो. मधला एक टप्पाही मला फार आवडतो, अर्ध्या सेकंदाचा. लाट सरकलेली दिसते पण लाटच राहते, आणि दोर ओढणाऱ्यांचे पाय जमिनीत रुतलेले स्पष्ट असतात, हात मात्र हललेले. ओढ दिसते. एकाच प्रसंगाचे वीस-तीस फोटो घ्या, त्यांतला एखादाच लागतो.

रात्रीचं थोडक्यात. शटर किती सेकंद उघडा ठेवायचा हे काढायला ५०० ला लेन्सच्या मिमीने भागा; २० मिमीला २५ सेकंद. तेवढ्या वेळेत तारे बऱ्यापैकी ठिपक्यांसारखे राहतात. होडीतला कंदील किंवा तंबूतला दिवा यांचं वेगळं, छोटं एक्स्पोजर घ्या.

माणसांशी

एकदा डोंगरावरच्या कुरणात मी एका मेंढपाळाबरोबर दोन दिवस फिरले. भाषा एकही समान नव्हती. पहिल्या संध्याकाळी मी त्याला स्क्रीनवर फोटो दाखवले: दरी, कळप, मागे बर्फाची शिखरं, मध्ये तो. त्याने एकेक नीट बघितला आणि मग चौकटीच्या बाहेर, रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहिला. बऱ्याच वेळाने मला उमगलं की तो कुत्र्याबद्दल सांगतोय. कळप वळवण्याचं काम कुत्रा करत होता, आणि माझ्या एकाही फोटोत तो नव्हता. दुसऱ्या दिवशी मी कुत्र्यावर नजर ठेवली. तो पळाला की तीनशे मेंढ्यांचा ओघ वळायचा आणि उतारावर एक मोठी कमान उमटायची. त्या प्रवासातला सर्वांत चांगला फोटो तोच आहे, आणि तो त्या माणसाने मला दाखवला.

तेव्हापासून मी फोटो दाखवते आणि समोरच्याला त्यात काय राहिलं ते विचारते. कामाचं मर्म काम करणाऱ्याला माहीत असतं.

परवानगी विचारायला भाषा लागत नाही. कॅमेरा थोडा उचला, भुवया उंचवा, थांबा. मान नकारार्थी हलली की कॅमेरा खाली करा आणि हसून निरोप घ्या. लांबून लेन्सने चोरून घेऊ नका. जमिनीच्या विस्तारात ठिपक्याएवढी आकृती असेल तर गोष्ट वेगळी. चेहरा ओळखू येत असेल तर विचारायलाच हवं. लहान मुलांच्या बाबतीत सोबतच्या मोठ्यांना विचारा, आणि फोटो कुठे लावणार तेही सांगा.

काही ठिकाणी जे ‘काम’ दिसतं ते आता पर्यटकांसाठी केलेलं असतं. म्यानमारच्या इनले तलावावर एका पायावर तोल सांभाळून शंकूच्या आकाराची टोपली उचलणारे, चीनमध्ये ली नदीवर पाणकावळे घेऊन तराफ्यावर उभे राहणारे, श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर पाण्यात रोवलेल्या काठ्यांवर बसणारे. यांतले बरेच जण आज मासे पकडण्यापेक्षा फोटोसाठी उभे राहून जास्त कमावतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. कसब खरं आहे आणि मेहनतही खरी आहे. त्यांचे ठरलेले पैसे द्या आणि फोटोखाली तसं स्पष्ट लिहा. फोटोसाठी उभ्या राहिलेल्या माणसाला ‘रोजचं जीवन’ म्हणून खपवणं मला पटत नाही. आणि जमलं तर त्याच तलावावर जरा पुढे जा. तिथे साधी नायलॉनची जाळी लावणारा कुणीतरी असेल. दिसायला कमी नाट्यमय, पण ते आजचं खरं काम आहे.

जागेचे नियम आधी वाचून जा. ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या महाकाय खडकाच्या काही बाजू तिथल्या अनंगू लोकांसाठी पवित्र आहेत आणि त्यांचे फोटो घेऊ नयेत अशा पाट्या लावलेल्या आहेत. जपानमधल्या क्योतोच्या गियोन भागातल्या खासगी गल्ल्यांत फोटो घ्यायला मनाई आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोन उडवता येत नाही, आणि मोरोक्कोत तर तो देशात आणूच देत नाहीत. अंटार्क्टिकात प्राण्या-पक्ष्यांपासून किमान पाच मीटर अंतर राखायचं असतं. पेंग्विन चालत तुमच्याकडे आला तर तुम्ही वाटेतून मागे व्हायचं.

थांबणं आणि हवामान

चौकट ठरली, माणूस यायचा आहे. आता थांबा. रिकाम्या चौकटीचा एक फोटो घेऊन एक्स्पोजर आणि कडा तपासून ठेवा, मग कॅमेऱ्याला हात लावू नका. वाटेवर माणूस जिथे यायला हवा तिथे आधीच फोकस लावून ठेवा. तो आला की आधीचे, मधले आणि नंतरचे तीन-चार क्षण घ्या. पुष्कळदा ओझं खाली ठेवल्यानंतरचा सुस्कारा ओझ्यापेक्षा जास्त बोलतो.

निरभ्र आभाळापेक्षा वादळाची कड चांगली. पाऊस थांबता थांबता ढगांत फट पडते तेव्हा कामावर परतणारी माणसं आणि ओली, चमकणारी जमीन एकत्र मिळते. दरीतलं धुकं हवं असेल तर आदल्या रात्री आभाळ मोकळं आणि वारा पडलेला आहे का ते बघा. अशा रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटे खोलगट भागात धुकं साचतं. उन्हं चढली की ते विरू लागतं. त्या विरण्याच्या अर्ध्या तासातच घरं, झाडं, माणसं एकेक करून वर येतात, तेव्हा लवकर सामान आवरू नका.

समुद्राकडे मात्र पाठ फिरवू नका. आइसलँडच्या रेनिसफ्यारा किनाऱ्यावर शांत वाटणाऱ्या पाण्यातून अचानक एखादी लाट फार वर येते, आणि तिथे पर्यटकांचे जीव गेले आहेत. ट्रायपॉड लावण्याआधी दहा मिनिटं नुसतं पाणी बघा. ओल्या वाळूची सर्वांत वरची कड कुठे आहे ते शोधा आणि तिच्याही बरंच वर उभे राहा.

रात्रीचं काम

खोलीवर आल्यावर झोपण्याआधी दोन गोष्टी. कार्डातले फोटो दोन वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि त्या दोन डिस्क एकाच बॅगेत ठेवू नका. दुसरी गोष्ट म्हणजे वही. कोणता माणूस, कोणतं काम, कोणती जागा, अवजाराचं तिथलं नाव काय. हे त्याच रात्री लिहिलं नाही तर आठवडाभरात सगळी गावं एकमेकांत मिसळतात. ज्याला फोटो पाठवायचं कबूल केलं त्याचा पत्ता त्याच्याच हातून वहीत लिहून घ्या. लिपी वेगळी असेल तर हे फार उपयोगी पडतं.

घरी परतल्यावर निवड करताना महिनाभर थांबता आलं तर थांबा. त्या दिवशीच्या कष्टांची आठवण ओसरली की फोटो जसा आहे तसा दिसतो. एका ठिकाणाचे पाच-सहाच ठेवा: जमिनीचा विस्तार दाखवणारा एक, कामाची पूर्ण हालचाल दिसणारे एक-दोन, हात आणि अवजार जवळून एक, आणि काम थांबल्यावरचा एक.

संपादनात उजेड-अंधार सांभाळा, रंग डोळ्यांनी पाहिले तसे आणा. काही सरकवू नका. फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर नॅशनल जिओग्राफिकने उभ्या चौकटीत बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ आणले होते. त्यावर पुष्कळ टीका झाली आणि ते उदाहरण आजही दिलं जातं. पिरॅमिड जवळ हवे असतील तर छायाचित्रकाराने चालत जागा बदलावी. शेतातून विजेचा खांब पुसायचा मोह होतो तेव्हा मी स्वतःला विचारते, की ती वीज तिथल्या माणसाच्या कामाचा भाग आहे का. बहुतेक वेळा असते, आणि खांब राहतो.

शेवटी कबूल केलेले फोटो छापून पाठवा. मॅट कागदावर छापा, हाताळल्यावर त्याच्यावर बोटांचे डाग कमी दिसतात. मागे तारीख, जागा आणि फोटोतल्या सगळ्यांची नावं पेन्सिलीने लिहा. दोन प्रती घाला. एक घरात लागते आणि एक शेजारी मागून नेतात. पाकिटात दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा ठेवा आणि पत्ता वहीतल्या त्यांच्याच अक्षरात, झेरॉक्स काढून, वर चिकटवा.